एकपदींचा मसावि: लहान घातांकच का घ्यायचा?

नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्यांचे दोन ढीग आहेत असं समजा. एकात २४, दुसऱ्यात ३६. दोन्हींचे सारखे वाटे करायचे, एकही संत्रं उरू द्यायचं नाही आणि वाटा होईल तेवढा मोठा हवा. वाटा पडतो १२ चा, म्हणजे डझनाचा. हाच २४ आणि ३६ चा महत्तम साधारण विभाजक, अर्थात मसावि. संख्यांच्या जोडीला अक्षरं आली की मुलं बिचकतात, पण काम तेच असतं.

२४अ³ब² आणि ३६अ²ब⁴क या एकपदी, म्हणजे एकाच पदाच्या राशी, घेऊ. सहगुणकांचा, म्हणजे अक्षरांआधीच्या संख्यांचा, मसावि १२ मिळालाच आहे. आता अक्षरं सुटी करा. पहिलीत अ × अ × अ × ब × ब, दुसरीत अ × अ × ब × ब × ब × ब × क. दोन्हींकडून एकेक अ काढत गेलात तर जोडी दोनदाच जमते. तिसऱ्या अ ला समोर जोडीदार नाही. म्हणून अ². तसंच ब². क पहिल्या एकपदीत नाहीच, तो सोडायचा. मसावि १२अ²ब².

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘महत्तम’ या शब्दाने. तो ऐकून मोठा घातांक उचलला जातो. तो नियम लसाविचा, म्हणजे लघुतम साधारण विभाज्याचा. १२अ³ब⁴ ने दुसऱ्या एकपदीला भागून पाहा, छेदात अ उरतो. मग तो विभाजक कसला? दुसरी चूक नुसत्या अ चा घातांक शून्य धरण्याची. तो १ असतो. तिसरी कंसातली: १५अ²ब + ५अब मधून ५अब बाहेर काढल्यावर (३अ + १) उरतं, तो १ हमखास गळतो.

ताळा सोपा आहे. मसाविने भागल्यावर इथे २अ आणि ३ब²क उरतात, त्यांच्यात १ शिवाय सामाईक काही नाही. १२ ऐवजी ६ घेतला असता तर ४अ आणि ६ब²क उरले असते, म्हणजे २ अजून आतच.

एक बारकावा मात्र शिकवताना सांगायलाच हवा. अ = ३, ब = क = १ ठेवा. एकपदींच्या किमती ६४८ आणि ३२४ येतात, त्यांचा मसावि ३२४. आपला १२अ²ब² मात्र १०८ च. उत्तर चुकलेलं नाही. २अ = ६ आणि ३ब²क = ३ यांच्यात निघालेला जादा ३ या निवडलेल्या किमतींमुळे आला. बीजगणितात अक्षरांचं मोठेपण घातांकावर ठरतं, किमतीवर नाही.