गडी माणूस दवाखान्यात का जात नाही, ते थोडं मागं जाऊन

आपल्याकडं गडी माणूस दवाखान्यात जातो ते बहुतेक वेळा दुसऱ्याला घेऊन. बायकोला आत पाठवायचं, आपण बाहेर लिंबाखाली गाडीवर बसून तंबाखू मळायची, आणि सिस्टरनी हाक मारली की या भाऊ तुमचा पण बीपी बघू, तर "मला काय धाड भरलीय" म्हणून मोकळं व्हायचं. मर्दानगीचा तोरा आहेच त्यात, नाही कशाला म्हणू, पण सरकारी खात्यानं पण हातभार लावलाय आणि तो भाग कुणी काढत नाही.

1948 पर्यंत मराठवाडा निजामाकडं. संभाजीनगरच्या घाटी दवाखान्याचं मेडिकल कॉलेज 1956 चं, अंबाजोगाईचं तर सत्तरच्या दशकातलं. तोवर दुखणं अंगावर काढायचं हीच रीत, आणि जो जास्त काढील तो खमक्या.

मग आणीबाणी. सरकारी माणूस पहिल्यांदा बाप्याच्या तब्येतीची चौकशी करत दारात आला तो नसबंदीसाठी! मास्तरांना, ग्रामसेवकांना केस आणायचं टार्गेट. 1976-77 या एका वर्षात देशभरात सुमारे 62 लाख पुरुषांची नसबंदी झाली, आपल्या विधिमंडळानं तर 1976 मध्ये सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून कायदा झाला नाही. तेव्हापासून डोक्यात बसलं ते बसलंच, की नस कापली की ताकद जाते, पोतं उचलत नाही. खरं तर त्यात फक्त शुक्राणूंची नळी बंद करतात, पुरुषी हार्मोन रक्तातून जातं तसं जातच राहतं, पण पारावर हे कोण सांगणार?

1977 नंतर सरकारनं पण धसका घेतला. कुटुंब नियोजनाचं कुटुंब कल्याण झालं आणि सगळा भार बायांवर, टाक्याचे कॅम्प. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायांची नसबंदी 37.9 टक्के, पुरुषांची 0.3. पुढं 2005 ला आशाताई आल्या, त्यांचं काम पण मुख्य करून गरोदर बाई आणि लेकरू. घरातल्या बाप्याला विचारायचं कुणाच्याच रजिस्टरला नव्हतं. टीबी-बिबी निघाला तरच.

वर मजुरीचं गणित. बीड-धाराशिवकडं ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवरा-बायकोच्या जोडीवर, त्या जोडीलाच कोयता म्हणतात, एक पडला की कोयता मोडला, बुडलेल्या दिवसाचा खाडा अंगावर, म्हणून मग मेडिकलवरून दोन गोळ्या, फारच झालं तर गावातल्या डॉक्टरकडं एक सुई आणि परत फडात.

2015 च्या सुमाराला, शेतकरी आत्महत्यांमुळं, सरकारचं प्रेरणा प्रकल्पातून समुपदेशन सुरू झालं, म्हणजे मनाचं विचारायला सुद्धा इतकी माणसं जावी लागली. आणि 18 वर्षांवरच्या पुरुषांच्या तपासणीची राज्याची खास मोहीम आली सप्टेंबर 2023 मध्ये. चांगलं झालं, पण सप्टेंबरात बीपी निघालेला गडी दिवाळीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असतो, आणि त्याच्या महिन्याच्या गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रात.