होमोसिस्टीन आणि रजोनिवृत्तीनंतरची हाडे

होमोसिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आहे. दूध, डाळी, अंडी, मांस यांतील प्रथिनांमधून मेथिओनिन हे अमिनो आम्ल मिळते आणि त्यापासून शरीरातच होमोसिस्टीन बनते. पुढे फोलेट व बी-१२ यांच्या मदतीने त्याचे पुन्हा मेथिओनिन होते, किंवा बी-६च्या मदतीने सिस्टीन हे दुसरे अमिनो आम्ल. यातले एखादे जीवनसत्त्व कमी पडले की होमोसिस्टीन रक्तात साचते. एका लिटरमागे ५ ते १५ मायक्रोमोल ही सर्वसाधारण पातळी. रजोनिवृत्तीनंतर ती चढते. इस्ट्रोजेन घटणे हे त्याचे एक कारण मानतात. वाढते वय आणि मंदावलेली मूत्रपिंडे यांचाही त्यात वाटा असतो.

हाडांशी असलेला संबंध आधी एका दुर्मीळ आनुवंशिक विकारात दिसला. होमोसिस्टिन्युरिया १९६२मध्ये वर्णिला गेला. त्यात रक्तातले होमोसिस्टीन कितीतरी पटींनी वाढते आणि कोवळ्या वयातच हाडे ठिसूळ होतात. मग किंचित वाढलेली पातळीही हाडांना बाधते का? मे २००४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. नेदरलँड्समधील २,४०६ ज्येष्ठांत सर्वाधिक पातळी असलेल्या एक चतुर्थांश लोकांत अस्थिभंगाचा धोका सुमारे दुप्पट निघाला. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या १,१७४ स्त्रियांतही, सर्वांत कमी पातळीच्या स्त्रियांशी तुलना करता, सर्वाधिक पातळीच्या स्त्रियांचे खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण १.९ पट होते.

डच अभ्यासात हा धोका हाडांच्या घनतेवर अवलंबून नव्हता, ही त्यातली सर्वांत विचार करायला लावणारी बाब. हाडात खनिज असते तसे कोलॅजेनचे धागेही असतात आणि ते धागे आडव्या बंधांनी एकमेकांना जखडलेले असतात. होमोसिस्टीन हे बंध नीट जुळू देत नाही, असे प्रयोगशाळेतील पुरावे सांगतात. हाडांची घनता मोजणारी डेक्सा ही क्ष-किरण तपासणी खनिज मोजते, धाग्यांची वीण तिला दिसत नाही.

मग जीवनसत्त्वे देऊन पातळी उतरवली की हाडे वाचतील, असे वाटणे स्वाभाविक होते. पक्षाघाताच्या रुग्णांवरील एका जपानी चाचणीने २००५मध्ये तसा मोठा लाभ दाखवला, पण तो निबंध २०१६मध्ये मागे घेण्यात आला. डच ‘बी-प्रूफ’ चाचणीत २,९१९ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना दोन वर्षे फोलिक आम्ल (फोलेटचे गोळीतले रूप) आणि बी-१२ दिले गेले. होमोसिस्टीन उतरले, अस्थिभंग मात्र एकूणात कमी झाले नाहीत. उलट अमेरिकी परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत बी-६ आणि बी-१२ दोन्ही फार मोठ्या प्रमाणात घेणाऱ्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांत खुब्याचे अस्थिभंग अधिक आढळले. तो केवळ सहसंबंध असला, तरी गरज नसताना जोरकस मात्रेच्या गोळ्या घेऊ नयेत एवढे त्यातून नक्की घ्यावे. आजच्या पुराव्यांवरून वाढलेले होमोसिस्टीन ही धोक्याची खूण ठरते. ते उतरवणे हा ठिसूळ हाडांवरचा उपचार ठरत नाही.

महाराष्ट्रात हा विषय बी-१२मुळे जवळचा होतो. पुणे परिसरातील ४४१ पुरुषांच्या पाहणीत (२००६) सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आणि निम्म्याहून अधिकांत होमोसिस्टीन जास्त होते. शाकाहाराशी त्याचा ठळक संबंध दिसला. ती पाहणी पुरुषांची होती, हाडांचीही नव्हती. पण वर्षानुवर्षे शाकाहारी असलेल्या किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या पन्नाशीपुढच्या बाईने बी-१२ तपासून घ्यावे. कमतरता निघाली तर ती रक्तासाठी आणि मज्जातंतूंसाठी भरून काढायलाच हवी.

होमोसिस्टीनचा नमुना शक्यतो उपाशीपोटी घेतात. रक्त तसेच ठेवले तर तांबड्या पेशींतून होमोसिस्टीन बाहेर झिरपत राहते आणि आकडा खोटाच फुगतो. म्हणून नळी लगेच बर्फात ठेवून त्यातला द्रव लवकर वेगळा करावा लागतो. आकडा अनपेक्षित वाढलेला आला तर बी-१२, फोलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारे) आणि थायरॉइडच्या तपासण्यांसोबत तो पुन्हा पडताळून पाहतात.