स्कोप आपटला? नॉब फिरवण्याआधी हे वाचा

एअर रायफल हातातून निसटली, भिंतीला टेकवलेली घसरली किंवा डिकीत आदळली, की बहुतेक जण आधी स्कोपचे, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीचे, नेम सरकवणारे नॉब फिरवतात. आमची कळकळीची विनंती आहे, तेवढे करू नका. नॉब फिरले की मुळात काय हलले ते शोधणे अवघड होते.

रायफल रिकामी असल्याची खात्री करा आणि ॲलन की घ्या. दस्त्याचे स्क्रू, माउंट (स्कोप रायफलवर बसवणारी पकड), रिंगा (स्कोपभोवतीची कडी) या क्रमाने तपासा. स्प्रिंगच्या रायफलीत दस्त्याचे स्क्रू नुसत्या वापरानेही ढिले होतात आणि दोष मात्र स्कोपला लागतो. माउंट डोव्हटेलवर, म्हणजे रायफलवरच्या खाचेवर, मागे सरकल्याचा ओरखडा दिसतो का, तेही पाहा. रिंगांचे स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. फार आवळले तर स्कोपची नळी चेपते. रायफल तोंडावर पडली असेल तर रायफलची नळी वाकल्याचीही शंका घ्या.

आता सुरक्षित जागी, टेकू देऊन, १० मीटरवर नेहमीचेच ५ छर्रे मारा. सगळे एकाच जागी, पण मध्यापासून दूर बसले, तर काळजी नको. नव्याने झिरो करा, म्हणजे नॉब फिरवून नेम मध्यावर आणा. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) स्कोपमध्ये १० मीटरवर एक क्लिक, म्हणजे नॉबचा एक टप्पा, म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर, म्हणून इथे घाई चालत नाही.

छर्रे विखुरले, किंवा दर वेळी जागा बदलत राहिली, तर दुखणे आत असू शकते. स्कोपच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. स्प्रिंग तिला दोन्ही नॉबच्या स्क्रूंवर दाबून धरते. फटक्याने ही पकड गेली की क्लिक वाजतात, नेम मात्र धड सरकत नाही. खात्रीसाठी एक छर्रा मारा, मग २० क्लिक उजवीकडे, २० वर, २० डावीकडे, २० खाली जा आणि दर वेळी एक छर्रा मारा. शेवटचा छर्रा पहिल्याच्या जवळ बसायला हवा. भिंगाच्या आतून वाफ धरली, तर सील फुटले आहे. असा स्कोप घरी उघडू नका.

स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते. नुसता मागचा धक्का सोसणारे महागडे स्कोपही त्यावर टिकत नाहीत, म्हणून एअरगनसाठी बनवलेलाच घ्या. मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, रायफल बंद गाडीत ठेवू नका. केस नसेल तर सोलापुरी चादरीत गुंडाळून न्या.

दुरुस्तीला सुटा स्कोप आणू नका. माउंटसकट रायफल, मारलेला कागद आणि छर्ऱ्यांचा डबा आणा. रायफल रिकामी करूनच दुकानात या.