अंत्यदर्शन, राजाचे

निधन पावलेल्या राजाचे पार्थिव अंत्यसंस्कारापूर्वी प्रजेला पाहता यावे म्हणून मानाने ठेवण्याची प्रथा. ‘लाइंग इन स्टेट’ या इंग्रजी संज्ञेत मृताचे पहुडणे आहे, मराठी शब्दात पाहणाऱ्याचे दर्शन. बेळगाव सीमाभागात हा फरक नुसता शब्दाचा नाही, कारण येथे मानाचे प्रत्येक पार्थिव आडवे ठेवले जातेच असे नाही.

आज या प्रथेचे सर्वांत परिचित रूप ब्रिटनमधले आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उंच चौथऱ्यावर बंद शवपेटी ठेवतात, तिच्यावर राजध्वज व मुकुट असतो आणि चारी बाजूंना पहारा. राजाला हा मान तेथे प्रथम मिळाला तो १९१० मध्ये, सातव्या एडवर्डला. त्याआधी १८९८ मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना मिळाला होता. दुसऱ्या एलिझाबेथचे (निधन ८ सप्टेंबर २०२२) दर्शन १४ ते १९ सप्टेंबरपर्यंत रात्रंदिवस चालले आणि सुमारे अडीच लाख लोक रांगेतून पुढे गेले. चेहरा मात्र कोणालाच दिसला नाही. थायलंडमध्ये राजाचे शव परंपरेने बसलेल्या स्थितीत कलशात ठेवत. भूमिबोल यांच्यासाठी (निधन १३ ऑक्टोबर २०१६) शवपेटी वापरली, कलश मानचिन्ह म्हणून राहिला. दहन २६ ऑक्टोबर २०१७ ला झाले. पेटी बंद असेल आणि शव टिकवण्याची सोय असेल, तरच इतका लांबलचक शोक परवडतो.

सीमाभागात ही सवड नसते. मराठा-ब्राह्मण घरांत दहन शक्यतो त्याच दिवशी उरकतात. दूरचा मुलगा किंवा माहेरची माणसे येईपर्यंत काय थांबायचे तेवढेच. अंत्यविधीला येथे ‘माती’ म्हणतात, मग दहन असो वा दफन, बातमी कळताच पहिला प्रश्न येतो, “माती किती वाजता?” कन्नडमध्येही माती या अर्थाचा ‘मण्णु’ हा शब्द याच कामी येतो. चेहरा मात्र उघडा ठेवतात. ज्याला तोंड बघायला मिळाले नाही, त्याला ती चुटपुट कायमची राहते.

लिंगायत समाजात पार्थिवाला स्नान घालून, भस्म लावून बसवतात, फुलांनी सजवतात आणि बसलेल्या स्थितीतच दफन करतात. मठाचे स्वामी असोत की घरातले आजोबा, रीत तीच. त्यामुळे दर्शनाला येणाऱ्यासमोर आसनावर बसलेला माणूस असतो, जणू अजून भेट देतो आहे. राजदरबाराशी याचे साम्य वेस्टमिन्स्टरपेक्षा जास्त आहे, असे म्हणायला हरकत नाही.

प्रत्यक्ष राजांच्या बाबतीत या मुलखाचा अनुभव बराचसा हुकलेल्या दर्शनाचा. कित्तूरची राणी चन्नम्मा १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत वारली. तिची समाधी बैलहोंगलातच आहे. शेजारच्या करवीरचे छत्रपती दुसरे राजाराम १८७० मध्ये फ्लॉरेन्समध्ये निवर्तले आणि आर्नो नदीकाठी त्यांचे दहन झाले. प्रजेला अस्थीपलीकडे काही दिसणे शक्यच नव्हते. रामदुर्ग संस्थान आणि बेळगावला लागून असलेले, सांगलीकर पटवर्धनांचे शहापूर १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि येथे राज्य करणारा राजाच उरला नाही.

तो मान आता स्वामी आणि लोकप्रतिनिधींकडे गेला आहे. विजयपूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी २ जानेवारी २०२३ ला निवर्तले, तेव्हा सैनिक स्कूलच्या मैदानावर दर्शनासाठी लोटलेल्या गर्दीला आवर नव्हता. समाधी बांधू नये, दहन करावे, ही त्यांची इच्छा दुसऱ्याच दिवशी पाळली गेली. याउलट बेळगावचे खासदार व रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० ला दिल्लीत कोविडने गेले. साथीच्या नियमांमुळे अंत्यविधी तेथेच झाले आणि पार्थिव बेळगावला आलेच नाही.