सर्क्युलर जर्नी तिकीट: टप्प्याटप्प्याची तिकिटं काढण्याआधी हे वाचा

ब्रिटनमध्ये एकाच प्रवासाची दोन-तीन तिकिटं काढली तर कधीकधी पैसे वाचतात. आपल्याकडे गणित उलटं आहे. भारतीय रेल्वेचं भाडं ‘टेलिस्कोपिक’ पद्धतीने ठरतं, म्हणजे अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. त्यामुळे त्याच दर्जाच्या साध्या मेल-एक्सप्रेसला ५००-५०० किलोमीटरची दोन तिकिटं १,००० किलोमीटरच्या एका तिकिटापेक्षा महाग पडतात. तरीही सहलीला निघालेली कितीतरी कुटुंबं प्रत्येक टप्प्याचं वेगळं तिकीट काढतात, कारण मोबाइलवर तिकीट काढताना तोच एक मार्ग समोर असतो. रेल्वेने यावर सोय ठेवली आहे आणि ती लोकांना माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही सोय म्हणजे सर्क्युलर जर्नी तिकीट. ज्या स्टेशनवरून निघालात तिथेच प्रवास संपायला हवा आणि वाट गोल फिरून येणारी हवी. गेलो त्याच मार्गाने परत, असं चालत नाही. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरून मुक्काम करता येतो. वयाची किंवा उत्पन्नाची अट नाही आणि तिकीट सगळ्या दर्जांसाठी मिळतं. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका.

उदाहरण घेऊ. मुंबईहून मडगाव, एर्णाकुळम, तिरुवनंतपुरम, मदुराई, तिरुचिरापल्ली, चेन्नई, सोलापूर आणि पुन्हा मुंबई. मुक्काम सात झाले, म्हणजे नियमात बसतं. भाडं काढताना पूर्ण फेरीचं अंतर निम्मं करतात आणि त्या निम्म्या अंतराच्या दोन एकेरी प्रवासांचं भाडं लावतात. फेरी ४,००० किलोमीटरची असेल तर २,००० किलोमीटरची दोन भाडी. आठ छोट्या तिकिटांऐवजी दोन लांब पल्ल्यांचा उतरता दर मिळतो, बचत होते ती इथेच. टप्पे जितके जास्त आणि छोटे, तितका फायदा मोठा. दोन-तीनच लांब टप्पे असतील तर फरक थोडा पडेल. तेव्हा एवढी धावपळ करायची का, हे आधी ठरवा.

मुदतही अंतरावर ठरते. प्रवासाचे दिवस ४०० किलोमीटरला एक आणि मुक्कामाचे दिवस २०० किलोमीटरला एक. वरच्या ४,००० किलोमीटरच्या फेरीला १० अधिक २०, म्हणजे ३० दिवस मिळतात.

अर्जासाठी मोठ्या स्टेशनच्या स्टेशन मॅनेजरकडे किंवा विभागीय वाणिज्य व्यवस्थापकाच्या (डीसीएम) कार्यालयात जावं लागतं. साध्या कागदावर मार्ग क्रमाने लिहा: कुठून निघणार, कुठल्या स्टेशनवर उतरणार, तिथून कोणत्या तारखेला कोणत्या गाडीने पुढे जाणार, दर्जा कोणता. सोबत प्रवाशांची नावं, वय आणि फोन नंबर द्या. दोन स्टेशनांमध्ये एकापेक्षा जास्त मार्ग असतील तर कोणत्या मार्गाने जाणार तेही लिहा, नाहीतर अंतराचा हिशेब अडतो. कार्यालय अंतर आणि भाडं काढून ठरावीक नमुन्यात कागद देतं. तो प्रवास सुरू होणाऱ्या स्टेशनच्या बुकिंग ऑफिसात दाखवून तिकीट घ्यायचं.

इथे पुष्कळजण थांबतात, आणि ते महागात पडतं. या तिकिटाने बर्थ मिळत नाही. ते घेऊन आरक्षण खिडकीवर जायचं आणि प्रत्येक टप्प्याचं आरक्षण करून घ्यायचं. आरक्षण शुल्क आणि सुपरफास्टचा अधिभार वेगळा भरावा लागतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासूनचा नियम), म्हणून डीसीएम कार्यालयातलं काम त्याच्या बरंच आधी उरकून ठेवा. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत हा वेळ हाताशी नसेल तर भाडं वाचेल, पण बर्थ मिळणार नाही. प्रवासात मूळ ओळखपत्र जवळ हवं: आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, पासपोर्ट किंवा वाहन परवाना.

गोल फेरी नसून सरळ लांबचा प्रवास असेल, तर साध्या तिकिटावरही मधे उतरता येतं. ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर, पहिले ५०० किलोमीटर झाल्यानंतर, एकदा दोन दिवसांपर्यंत थांबता येतं; १,००० किलोमीटरपेक्षा लांब असेल तर दोनदा. राजधानी, शताब्दी, जनशताब्दीला ही सोय नाही. उतरल्यावर त्या स्टेशनच्या स्टेशन मास्तरकडून तिकिटावर नोंद करून घ्या, आणि पुढच्या गाडीचं आरक्षण निघण्याआधीच करून ठेवा.