गावच्या घराचा विमा: अर्जात काय लिहायचं, दाव्याला काय लागतं

कोकणात जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ, मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आणि त्याच वर्षी जुलैत चिपळूणचा पूर. तरी आपल्याकडे घराचा विमा निघतो तो बहुधा गृहकर्ज देताना बँक मागे लागते म्हणून.

1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक अटींची पॉलिसी आहे. आग, वीज, वादळ, पूर, दरड, भूकंप त्यात येतात. माड कौलांवर आडवा झाला, तरी भरपाई मिळते. वाळवीने पोखरलेला वासा किंवा वर्षानुवर्षांची गळती मात्र आपल्याच खिशातून.

खरी अडचण कागदांची. घर आजोबांच्या नावावर, घरपट्टी काका भरतात आणि विमा काढतो मुंबईचा पुतण्या! दाव्याच्या वेळी कंपनी विचारणारच, या घराशी तुमचा संबंध काय? म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घराच्या कर आकारणीचा उतारा), घरपट्टीची पावती, वारस नोंद आणि सहहिस्सेदारांची लेखी संमती आधीच जुळवून ठेवा. भिंती चिऱ्याच्या की मातीच्या, छप्पर कसलं, हे अर्जात खरं लिहा. घर गणपती आणि शिमग्यालाच उघडत असेल तर तेही लिहा आणि बंद घराबद्दलची अट पॉलिसीत वाचून घ्या. एजंटने भरलेल्या अर्जावर न वाचता सही करू नका. उद्या तोच अर्ज तुमच्यासमोर ठेवला जातो.

विम्याची रक्कम म्हणजे घराचं चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले आजचा बांधकाम खर्च. जमीन आणि बाग त्यात धरत नाहीत. घरसामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं.

नुकसान झालं की आधी फोटो, मग ताडपत्री. कंपनीला लगेच कळवा, दाव्याचा फॉर्म 30 दिवसांत द्या. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. त्याची प्रत दाव्याला जोडा, पण विम्याचं नुकसान कंपनीचा सर्व्हेअर ठरवतो. तो येईल तेव्हा घरचं माणूस हजर हवं, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून भागत नाही.

दावा नाकारला किंवा कापला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा, फी नाही, वकील लागत नाही. 50 लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात.