कडक झालेली इपॉक्सी आणि ॲसिटोनची हद्द

लाकडावर सांडलेली इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर असे दोन द्रव मिसळून बनणारा, घट्ट होणारा चिकट पदार्थ) कडक झाली, की बहुतेकांचा हात आधी ॲसिटोनच्या बाटलीकडे जातो. नेलपॉलिश त्याने चुटकीसरशी निघते, मग ही का नाही निघणार? प्रत्यक्षात चिंधी भिजवून कितीही घासा, थराची चमक जाते, थर तिथेच राहतो.

नेलपॉलिश वाळते म्हणजे त्यातला द्रव उडून जातो. मागे उरलेले लांबलचक रेणू एकमेकांत नुसते गुंतलेले असतात. द्रव परत मिळाला की सुटे होतात. इपॉक्सी अशी वाळतच नाही. रेझिनच्या रेणूंच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन अशा तीन अणूंचे ताणलेले कडे असते. हार्डनरमधले अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेले संयुग, ते कडे उघडते, नायट्रोजन आणि कार्बन यांच्यात पक्का बंध जुळतो आणि उष्णता बाहेर पडते. (डब्यात भरपूर मिश्रण तसेच ठेवले तर ते धुमसू लागते, ते याच उष्णतेने.) अमाइनचा एकेक रेणू अनेक बाजूंनी जोडला जात असल्याने शेवटी अख्खा थर जणू एकच अवाढव्य रेणू होऊन बसतो. त्याचे बंध तोडणे ॲसिटोनच्या आवाक्याबाहेरचे आहे.

ॲसिटोन फार तर या जाळ्यात शिरून त्याला फुगवतो. फुगलेला थर मऊ पडतो, लाकडावरची त्याची पकड ढिली होते आणि पटाशीने तो उचलता येतो. पण त्याला वेळ लागतो, आणि थर दुप्पट जाड असेल तर वेळ साधारण चौपट. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळतो, उघड्यावर तो आत मुरण्याआधीच उडतो. म्हणून भिजवलेली चिंधी डागावर ठेवून वरून ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाकतात.

डायक्लोरोमिथेन हे काम कितीतरी झपाट्याने करते. जुन्या रंग-काढू द्रवांत तेच असे. पण श्वासातून शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि बंद खोलीत त्याने माणसे दगावली आहेत. घरगुती वापरासाठी अशा रंग-काढू द्रवांच्या विक्रीवर अमेरिकेने २०१९ साली बंदी घातली. एका डागासाठी ही जोखीम घेण्यात काहीच शहाणपण नाही.

माझे मत विचाराल तर उष्णता बरी. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली साधी इपॉक्सी बहुधा ५०-६० अंशांच्या आसपास काचेसारखा कडकपणा सोडून रबरासारखी होऊ लागते. हीट गन एका जागी न रोखता फिरवत राहायची, थर नखाने दबू लागला की स्क्रॅपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवायचा. धूर दिसला तर तापमान फार झाले. तो धूर विषारी असतो. आणि ॲसिटोन लावलेल्या जागेजवळ हीट गन मुळीच नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि ठिणगी मिळताच पेट घेते.

ॲसिटोनचा खरा उपयोग इपॉक्सी ओली असताना, तोही हत्यारे पुसायला. त्वचेवर मात्र नको, कारण पातळ झालेली इपॉक्सी तिथे आणखी पसरते; हाताला साबण-पाणीच बरे.

लाकडाच्या छिद्रांत मुरून घट्ट झालेली इपॉक्सी ना उष्णतेने निघते, ना द्रवाने. तिथे रंधा मारून लाकडाचा तेवढा पापुद्राच काढावा लागतो.